उलटी खूण

गोदामात तिला सगळे सुईताई म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं, आणि ते यंत्र कुणाशी बोलत नसे. बोटीतून आलेली कच्ची केळी या गोदामात उतरत, थंड खोल्यांत कोंडून, गॅस सोडून पिकवली जात आणि पिवळीधमक होऊन शहरभरच्या दुकानांत जात. आलेली केळी आतून किती गार आहेत ते बघणं हे सुईताईचं काम. हातात पेन्सिलीएवढी लांब सुई, सुईला वायर, वायरीच्या टोकाला आकडा दाखवणारी डबी. प्रत्येक पॅलेटवरचा, म्हणजे लाकडी फळीवर रचलेल्या ढिगातला, एक खोका निवडायचा, खोक्याच्या बाजूच्या भोकातून सुई सारायची, केळ्यात टोचायची, आकडा बघायचा आणि झाकणावर हिरव्या मार्करनं बरोबरची खूण करायची. डॉक्टर माणसांना टोचतात, मी केळ्यांना टोचते, आणि माझे पेशंट कधी रडत नाहीत, असं ती ऐटीत सांगे.

ती डावखुरी होती, त्यामुळे तिची खूण उलटी पडे. सगळ्या जगाच्या खुणेची शेपटी उजवीकडे वर जाते, हिची डावीकडे. मुकादम म्हणायचा, बाई, तुमची खूण आरशात बघावी लागते. ती म्हणायची, मग आरसा आणा. लेकही तिच्यावरच गेली होती. शाळेतल्या बाईंनी पोरीच्या हातातली पेन्सिल बळंच उजव्या हातात दिली, तेव्हा सुईताई कामाचा एप्रन न काढता शाळेत गेली आणि बाईंना असं काही सुनावलं की पुन्हा कुणी पोरीच्या डाव्या हाताच्या वाटेला गेलं नाही. त्या दिवसापासून पोरगी आपली गणितं आपणच तपासायची आणि आईसारखी उलटी खूण करायची, बरोबर असोत की चूक.

घरात माणसं तीन. ती, लेक आणि धाकटा. धाकटा म्हणजे तिचा दीर. ती लग्न करून आली तेव्हा तो शाळेत जायचा, त्याला भरवण्यापासून रागावण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. नवरा ट्रक चालवायचा. लांबच्या फेऱ्यांत झोप येऊ नये म्हणून कुणीतरी त्याला एक पुडी दिली, मग पुडीशिवाय त्याला जागही येईना आणि झोपही. घरातली एकेक वस्तू गेली, मग नवरा गेला. त्यांच्या गल्लीत अशी घरं बरीच होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा भर दुपारी पायरीवर बसून झाडासारखा डुलायचा, आणि बाया आपल्या पोरांना त्याच्यापासून लांबून न्यायच्या. पावडर कुठून येते हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना अंदाज होता, आणि अंदाज असणंसुद्धा धोक्याचं होतं.

धाकट्याला तिनंच गोदामात चिकटवलं होतं. तो फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि चांगली चालवायचा. गेले काही आठवडे मात्र तो गप्प गप्प होता. जेवताना पोरीकडे टक लावून बघायचा आणि विचारलं तर काही नाही म्हणायचा. सुईताईला वाटलं, कुठेतरी जमलं असेल. प्रेमात पडलेली माणसं अशीच वेंधळ्यासारखी वागतात. तिनं एकदोनदा चिडवलंही, तर तो हसला नाही.

त्या दिवशी सकाळी नव्या बोटीचा माल उतरला होता. पॅलेटच्या मधल्या थरातला खोका तपासायचा हा तिचा नेम, पण एका पॅलेटवर तिचा डोळा वरच्याच एका खोक्यावर अडला. झाकणावर चिकटवलेला कंपनीचा रंगीत कागद उलटा होता, केळ्यांचा घड डोक्यावर उभा. तिकडचेही झोपेत काम करतात म्हणायचं, असं पुटपुटत तिनं तोच खोका ओढला आणि भोकातून सुई सारली.

सुई दोन केळ्यांमधून गेली आणि कशालातरी अडली. तिनं जोर दिला, तेव्हा काहीतरी फुटल्यासारखं होऊन टोक आत रुतलं. केळं असं लागत नाही. कच्चं केळंसुद्धा नाही. तिनं सुई बाहेर काढली तर टोकाला पांढरी भुकटी लागलेली.

तिनं झाकण उचललं. वर हिरवे घड नीट मांडलेले, आणि त्यांच्याखाली तपकिरी चिकटपट्टीत गच्च गुंडाळलेले चौकोनी गठ्ठे.   तिनं घड होते तसे ठेवले, झाकण दाबून बसवलं, खोका जागेवर सरकवला. सुई एप्रनला पुसली. मग एप्रनकडे बघितलं. ती तशीच मोरीवर गेली आणि पाण्याखाली एप्रन घासत राहिली.

कुणाला सांगावं? हा प्रश्न मनात आला आणि त्याच्या मागोमाग जुना वॉचमन आला. तो बोलका माणूस होता. त्याला एकदा फाटकापाशी काहीतरी दिसलं आणि तो सरळ पोलीस चौकीत जाऊन सांगून आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला न्यायला गाडी आली. गावाला गेला, असं मुकादमानं सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. त्याची छत्री अजून फाटकाच्या खोलीत खुंटीला लटकत होती, तिला कुणी हात लावत नसे.

तेव्हा तिनं ठरवलं की आपण काही बघितलंच नाही. मधल्या सुट्टीत चहाचा कप तोंडाला लावला, तेवढ्यात समोरचा हमाल बोटाला लागलेला हिरवा डाग पुसायला लागला. तो तिच्याच मार्करचा डाग होता, ओल्या खुणेला हात लागला की पडतो तसला.  झाकण दाबल्यावर आपण काय केलं ते तिला आठवलं. खोका सरकवण्याआधी हातानं आपलं रोजचं काम करून टाकलं होतं. त्या झाकणावर तिनं खूण केली होती. तिचीच. उलटी. अख्ख्या गोदामात तशी खूण करणारं दुसरं माणूस नव्हतं.

ती कप तसाच टाकून उठली. पण ते पॅलेट पिकवायच्या खोलीत गेलं होतं, खोली बंद झाली होती, गॅस सोडला होता. आता दुसऱ्या दिवशी हवा खेळवायला दार उघडेपर्यंत आत कुणी जायचं नाही हा नियम. दारावर लाल दिवा लागला होता आणि दाराच्या पलीकडे तिची खूण त्या खोक्यावर बसली होती.

तो दिवस आणि ती रात्र तिनं कशी काढली हे तिचं तिला माहीत.  घरी ती आणि धाकटा एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवली. त्याला सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरगं तापट आहे, काहीतरी करून बसेल, भाऊ त्या पावडरीपायी गेला हे त्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, असा विचार करून तिनं तोंडाला कुलूप लावलं. तिकडे तोही काहीतरी बोलायला दोनदा थांबला आणि पाणी पिऊन उठला. दोघांनी एकमेकांना जपलं ते असं.

सकाळी दार उघडल्यावर सुई घेऊन आत जाणारी ती पहिली. आता केळ्यांची उष्णता बघायची असते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. केळ्याच्या खोक्याचं झाकण सुटं असतं, टोपीसारखं वरून बसतं, आणि एकाची टोपी दुसऱ्याला चालते. तिनं त्या खोक्याची टोपी काढली, शेजारच्या खोक्याची काढली आणि दोन्हींची अदलाबदल केली. गठ्ठ्यांच्या खोक्यावर आता कोरं झाकण होतं. तिची खूण साध्या केळ्यांच्या खोक्यावर गेली. कुणी विचारलंच तर छाती ठोकून सांगता येणार होतं की मी तपासलेला खोका हा, बघा, आत केळीच आहेत. बाहेर आल्यावर तिच्या जिवात जीव आला. मुकादमाला तिनं सकाळी सकाळी एक टोमणाही मारला. तो हसला नाही, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी ती भाजी चिरत होती. पोरगी जमिनीवर पालथी पडून गणितं करत होती. धाकटा अजून आला नव्हता. दार वाजलं, तिनं उघडलं तर बाहेर दोन माणसं. एक दारातच उभा राहिला. दुसरा आत आला. त्याचे बूट पांढरे होते, इतके स्वच्छ की या गल्लीतून चालत आलेले वाटत नव्हते. त्यानं तिला वहिनी म्हणून हाक मारली, प्यायला पाणी मागितलं आणि पोरीला कितवीत आहेस म्हणून विचारलं. पोरीनं सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे.

त्याच्या हातात मोठी पिशवी होती. तिच्यातून त्यानं एक झाकण काढलं आणि टेबलावर ठेवलं. झाकणावर रंगीत कागद, केळ्यांचा घड डोक्यावर उभा. बाजूला हिरवी उलटी खूण.

"ही तुमचीच ना?" त्यानं विचारलं.

तिला नाही म्हणायचं होतं. पण पोरगी उठून टेबलापाशी आली होती आणि ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखी त्या खुणेकडे बघून हसत होती. सुईताईनं मानेनं हो म्हटलं.

पांढऱ्या बुटांच्या माणसानं सगळं शांतपणे सांगितलं, आवाज जरासुद्धा न चढवता. त्यांचा माल ज्या खोक्यात येतो त्याचा कागद उलटा असतो. गोदामातला एक माणूस तो खोका बाजूला काढून दुपारच्या व्हॅनमध्ये ठेवतो. आजही ठेवला. पण उघडला तर आत नुसती केळी. तो माणूस शपथा घेतोय की उलट्या कागदाचा होता तोच खोका मी ठेवला. सध्या तो खाली गाडीत बसलाय. आमच्या लोकांना वाटतंय की मधल्या मध्ये त्यानं हात मारला. असं करणाऱ्यांचं काय होतं ते वहिनींना वेगळं सांगायला नको.

"कोण माणूस?" तिनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"तुमचा दीर," तो म्हणाला.

 आपली खूण लपवायला तिनं झाकण हलवलं होतं, आणि झाकणाबरोबर त्यांचा उलटा कागदही हलला होता. कागद उलटा आहे हे तिनं बघितलं होतं, त्यावर विनोदही केला होता, आणि भीतीनं डोकं असं बधिर झालं होतं की तो कागद तिथे का आहे हा विचार तिला शिवलाही नव्हता. तिनं स्वतःला वाचवलं आणि धाकट्याला त्यांच्या तोंडी दिलं. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली, कारण पडले तर पोरगी घाबरेल एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

"झाकण मी बदललं," ती म्हणाली. "त्याला काही माहीत नाही. माझी खूण दिसू नये म्हणून मी बदललं. माल आतच आहे."

तो माणूस हसला. मनापासून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

पोरीला शेजारच्या बाईकडे सोडून ती त्यांच्याबरोबर खाली उतरली. शेजारणीनं दारात उभ्या माणसाकडे एकदा बघितलं, पोरीला आत घेतलं आणि काही न विचारता कडी लावली. गाडीत मागच्या सीटवर धाकटा बसला होता. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. तिनं पदराच्या टोकानं त्याचा ओठ पुसायला हात पुढे केला, तसा तो लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं की काही आठवड्यांपूर्वी त्यांनी त्याला एक फोटो दाखवला होता, शाळेच्या फाटकातून बाहेर येणाऱ्या पोरीचा. दुसरं काही बोलावंच लागलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तू घाबरशील म्हणून," तो म्हणाला.

 तिनंही त्याला याच कारणासाठी सांगितलं नव्हतं.

गोदामाचं फाटक मुकादमानं उघडलं. त्याला कुणी बोलावलं होतं, कधीपासून तो त्यांचा होता, हे तिनं विचारलं नाही. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात खुळखुळत होता आणि कुलपात किल्ली जात नव्हती. शेवटी धाकट्यानं ती त्याच्या हातातून घेतली आणि कुलूप काढलं. मुकादमानं तिच्याकडे एकदाही वर बघितलं नाही. माल खोलीत असताना, सकाळच्या टोमण्यावर तो का हसला नव्हता ते तिला आता समजलं.

खोलीत दुसराच घोळ झाला होता. हवा खेळावी म्हणून दुपारी पॅलेटचे थर उतरवून नव्यानं रचले होते, आणि कोरी झाकणं सगळी सारखी. एकेक खोका उघडून बघितला असता तरी चाललं असतं, पण त्या माणसाला गंमत बघायची होती. तुमची सुई काढा वहिनी, तो म्हणाला. मग ती टोचत निघाली. थंडीनं बोटं बधिर झाली होती, वाफ तोंडातून निघत होती, मागे धाकट्याच्या खांद्यावर एक हात ठेवून तो माणूस उभा होता. एक खोका, केळी. दुसरा खोका, केळी. प्रत्येक वेळी सुई सरळ आत गेली की तिला रडू फुटायचं. जन्मात पहिल्यांदा ती देवाला विनवत होती की सुई अडू दे.

सुई अडली.

त्यांनी गठ्ठे बाहेर काढले आणि एकेक हाताळून बघितला. एका गठ्ठ्याला बारीक भोक होतं. त्या माणसानं त्या भोकावर अंगठा ठेवला, मग तिच्या सुईकडे बघितलं आणि मान डोलावली, एखाद्याच्या कामाची पारख करावी तशी.

त्यानं धाकट्याच्या खांद्यावरचा हात काढला. आता सोडतील, असं तिला वाटलं. सोडलंही. पण जाता जाता त्यानं तिला जवळ बोलावलं. कागद उलटा लावायची ही पद्धत काही खरी नाही, तो म्हणाला, कुणाच्याही डोळ्यांत भरते. तुमच्या डोळ्यांत भरलीच की. त्यापेक्षा तुमची पद्धत बरी. बोट आली की माल कोणत्या पॅलेटवर आहे ते कळवू. तुम्ही सुईनं तो खोका शोधायचा, त्यावर खूण करायची, धाकटा उचलेल. बाईमाणूस, रोजचं काम, कुणाला शंकाही येणार नाही.

"आणि बाकीच्या खोक्यांवर जगासारखी सुलटी खूण करायची," तो म्हणाला. "उलटी फक्त आमच्यासाठी."

नाही म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यानं फाटकाच्या खोलीकडे नजर टाकली, जिथे खुंटीला ती छत्री होती, आणि मग पोरीची शाळा किती वाजता सुटते ते अगदी बरोबर सांगितलं. तिनं तोंड मिटलं. तिला नवऱ्याची आठवण आली, शिंप्याच्या मुलाची आली, गल्लोगल्ली पोचणाऱ्या त्या भुकटीची आली. आणि तरी तिनं तोंड मिटलं. आपल्याला स्वतःची किळस येते आहे हे तिला स्पष्ट कळत होतं, पण किळशीपेक्षा भीती मोठी होती.

 घरी आल्यावर शेजारणीकडून पोरीला घेतलं. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला. अर्धी चिरलेली भाजी तशीच होती, ती सुईताईनं चिरली, शिजवली, पोरीला भरवली. मग कामाचा मार्कर घेऊन जुन्या पुठ्ठ्यावर उजव्या हातानं खूण करून बघितली. वेडीवाकडी आली. पुन्हा केली.

पोरगी शेजारी येऊन बसली. आई काय करते आहे ते तिनं जरा वेळ बघितलं, मग स्वतःची वही उघडली, उरलेली गणितं झपाझप सोडवली आणि त्यांच्यापुढे ऐटीत शेपटी डावीकडे वर गेलेली खूण केली. एक, मग दुसरी, मग पानभर.

सुईताईनं तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि उजव्या हातात दिली. पोरीला वाटलं आई गंमत करते आहे. तिनं ती परत डाव्या हातात घेतली. सुईताईनं पुन्हा काढली, या वेळी मनगट जरा जोरात धरून, आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून पेन्सिलीभोवती मिटवली.

"पण तूच तर बाईंना सांगितलं होतंस," पोरगी म्हणाली.

"आता मीच सांगते आहे," सुईताई म्हणाली. "या हातानं लिही."

पोरीचे डोळे भरून आले. तिनं उजव्या हातानं खूण करायचा प्रयत्न केला, ती थरथरत कशीबशी उजवीकडे वर गेली. सुईताईनं शाबास म्हटलं, आणि मागच्या सगळ्या उलट्या खुणा रबरानं खोडायला घेतल्या.